टेकू सरकला, म्हणजे नेमकं काय झालं?

जून महिन्यातली दुपार होती. अपघात विभागाच्या दारात एक टेम्पो थांबला आणि चौघांनी एका तरुणाला उतरवलं. स्ट्रेचर नव्हतं. त्याला शटरिंगच्या प्लायवूडवर आडवं करून आणलं होतं. प्लायवर सिमेंटचे ओले ओघळ होते, त्याच्या कपड्यांवर होते, केसांतही होते. वय अठ्ठावीस. मूळ गाव जव्हारकडचं, काम सेंटरिंगचं, गेली सहा वर्षं वसई-विरार पट्ट्यात.

"काय रे, किती उंचीवरून पडलास?"

"दहा फूट असंल डॉक्टर. खांब भरत होतो. टेकू सरकला."

उजवी टाच फुटली होती. उजव्या मांडीचं हाड खुब्याजवळ, म्हणजे त्याच्या मानेत मोडलं होतं. कमरेचा एक मणका चेपला होता, पण सुदैवाने पायाची बोटं हलत होती. उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाची ही ठरलेली साखळी असते. धक्का टाचेतून वर चढतो आणि वाटेत जे हाड कमकुवत सापडेल ते मोडतो. म्हणूनच टाच मोडलेला रुग्ण आला की आम्ही कंबर तपासल्याशिवाय राहत नाही.

"टेकू सरकला." सरकारी रुग्णालयातल्या जवळपास तीन दशकांच्या नोकरीत हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले असतील, याची मोजदाद नाही. केसपेपरवर आम्ही 'उंचावरून पडणे' असं लिहितो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. या वेळी मात्र त्या तरुणाने जाता जाता एक वाक्य टाकलं आणि ते माझ्या डोक्यात राहिलं. "सरळ खांब असता तर काही झालं नसतं. हा तिरका होता."

तिरक्या खांबात असं काय वेगळं असतं?

काँक्रीटचा रक्तदाब

त्या आठवड्यात आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या एका स्ट्रक्चरल इंजिनीअर मित्राला गाठलं. त्याने आधी मलाच प्रश्न विचारला. "ओलं काँक्रीट घन की द्रव?"

मी म्हटलं, "मध्येच कुठेतरी."

"पहिले काही तास द्रवच समज. व्हायब्रेटर फिरत असेल तेव्हा तर नक्कीच."

हे एकदा मान्य केलं की बाकीचं आम्हा डॉक्टरांना समजायला सोपं जातं. द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो. माणूस उभा राहिला की पावलातल्या रक्तवाहिन्यांतला दाब हृदयाजवळच्या दाबापेक्षा साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याने जास्त असतो. कारण वर रक्ताचा तेवढा उंच स्तंभ उभा असतो. काँक्रीटचंही तेच, फक्त ते रक्ताच्या दुपटीहून जड. एका घनमीटरचं वजन सुमारे २,४०० किलो, सळ्या धरल्या तर २,५०० किलो. तीन मीटर उंचीचा खांब एका दमात भरला, तर साच्याच्या तळाशी दर चौरस मीटरला सात टनांपेक्षा जास्त दाब येतो. माझ्या भाषेत सांगायचं तर सुमारे ५३० मिलिमीटर पारा. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब १२० असतो, त्याच्या चौपटीहून अधिक.

हा दाब खाली ढकलतो तसाच बाजूलाही ढकलतो. खांबाच्या साच्याला चारही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, टाय आणि पाचरी लागतात त्या यासाठी. काँक्रीट हळूहळू भरलं तर खालचा थर तोवर आळू लागतो आणि दाब कमी राहतो. पंपाने धडाधड भरलं तर पूर्ण उंचीचा दाब एकाच वेळी तळावर येतो. हवा थंड असेल, किंवा काँक्रीट उशिरा आळावं म्हणून त्यात रसायन मिसळलेलं असेल, तर ते जास्त वेळ द्रव राहतं. म्हणजे 'लवकर उरका' या एका हुकमाने साच्यावरचा भार बदलतो.

बाजूने येणारा दाब डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो फसवतो. मातीचंही असंच आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस आपल्या इथे ससूनवघरला, सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या बोगद्यासाठी खोदलेल्या खोल खड्ड्याची आधारभिंत कोसळली आणि पोकलेन चालवणारा माणूस यंत्रासह गाडला गेला. माती असो की ओलं काँक्रीट, खोली वाढली की बाजूचा रेटा वाढतो आणि त्याला धरून ठेवणारी गोष्ट तात्पुरती असते. तात्पुरती आहे म्हणून तिचा हिशेब कुणी मांडत नाही, आणि माणसं बहुधा तिथेच मरतात.

केसपेपरच्या पाठीवरचं गणित

आता तिरका खांब. मित्राने माझ्या खिशातला कोरा केसपेपर घेतला आणि पाठीवर आकृती काढली.

खांब ४५ बाय ४५ सेंटिमीटर, सरळ उंची तीन मीटर. ओळंब्यापासून १५ अंश कललेला. एवढ्याशा कलाने खांबाचं डोकं पायापासून ८० सेंटिमीटर बाहेर जातं. काँक्रीट आणि सळ्यांचं वजन सुमारे १,५७० किलो. या वजनाचा मध्य पायापासून ४० सेंटिमीटर बाहेर पडतो. म्हणजे हा ओला खांब सतत उलटायला बघतो. सरळ खांबात वजनाचा मध्य पायाच्या बरोबर वर असतो, त्यामुळे उलटवणारा जोर जवळपास शून्य. तिथे टेकू लागतात ते खांब ओळंब्यात राहावा म्हणून आणि वाऱ्याच्या किंवा पंपाच्या धक्क्यासाठी. तिरक्या खांबात टेकू हेच त्याचे पाय असतात.

कललेल्या बाजूने, दोन मीटर उंचीवर, ४५ अंशांत एक टेकू लावला तर त्याच्यावर किती जोर येईल? तरफेचा साधा नियम लावला की उत्तर येतं सुमारे ३५० किलो. हे फक्त काँक्रीटचं झालं. साच्याचं वजन, वर उभी असलेली माणसं, पंपाच्या नळीचे हिसके धरले की तो आकडा पाचशेच्या घरात जातो, आणि शहाणा इंजिनीअर त्याच्या दुप्पट ताकदीची व्यवस्था करतो. कल १५ वरून ३० अंशांवर नेला, तर काँक्रीटचा जोरच ६८० किलोवर जातो. खांब तोच, माणसं तीच, नुसता कल वाढला.

"आता खरी गंमत बघ," मित्र म्हणाला. टेकू ४५ अंशांत असेल, तर त्याच्या बुडाशी ३५० किलोचे दोन भाग होतात. सुमारे २५० किलो सरळ खाली आणि तेवढेच, २५० किलो, बाजूला. टेकूचं बूड जमिनीवर नुसतं टेकवलेलं असेल, तर त्याला घसरू न देणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे घर्षण. खाली जेवढा भार, तेवढंच घर्षण मिळालं तरच तो जागेवर राहील. कोरड्या, खरबरीत काँक्रीटवरही तेवढं घर्षण मिळेल असं धरता येत नाही. पावसात भिजलेल्या फळीवर किंवा चिखलावर तर त्याच्या निम्मंही मिळत नाही.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. म्हणजे त्या तरुणाचा टेकू 'सरकला' हा अपघात नव्हताच. बुडाशी ठोकळा नसेल, खुंटी ठोकलेली नसेल, तर तो टेकू सरकणारच होता. प्रश्न फक्त केव्हा सरकणार एवढाच होता.

आणखी एक बारकावा. तिरक्या साच्याच्या खालच्या पाटीवर वजन बसतं हे कुणालाही कळतं. पण वरच्या पाटीला ओलं काँक्रीट आतून वर उचलू पाहतं. ती पाटी नुसती ठेवून चालत नाही, ती खालच्या पाटीशी आवळून बांधावी लागते. आणि संपूर्ण साचा विरुद्ध बाजूने ओढून धरावा लागतो. ओढ आणि टेकू, दोन्ही हवेत.

तुमच्या-माझ्या शरीरातला तिरका खांब

इंजिनीअरचं गणित ऐकताना मला त्या तरुणाचा एक्स-रे आठवत होता, कारण त्याचं जे हाड मोडलं होतं, तोही एक तिरका खांबच आहे.

मांडीचं हाड सरळ वर जाऊन खुब्यात बसत नाही. वरच्या टोकाला ते आत वळतं. ही वळलेली मान आणि उभं हाड यांच्यात मोठ्या माणसात साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन असतो. शरीराचं वजन या तिरक्या मानेवरून पायात उतरतं. एका पायावर उभं राहिलं की ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर ६० किलो येत नाहीत, तर अडीच ते तीन पट, म्हणजे दीडशे ते एकशे ऐंशी किलो येतात. कारण शरीराचा मध्य खुब्याच्या आतल्या बाजूला असतो. शरीर त्या बाजूला कलू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे स्नायू जोरात ओढून धरतात. वजन अधिक ओढ, दोन्हींचा भार सांध्यावर पडतो. मित्राच्या आकृतीतला खांब, टेकू आणि ओढ इथे हाडामांसाचे आहेत.

हे साम्य आधी एका इंजिनीअरच्याच लक्षात आलं होतं. १८६० च्या दशकात झुरिचमध्ये हर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद घेऊन आतली जाळी रेखाटली. कार्ल कुलमान या इंजिनीअरने ते चित्र पाहिलं आणि त्याला वाकड्या क्रेनमधल्या ताणाच्या आणि दाबाच्या रेषा आठवल्या. हाडातल्या बारीक तुळया भार जिथून जातो त्या दिशेने रचलेल्या असतात. निसर्ग तिरका खांब बांधतो तेव्हा टेकू आतच बांधून ठेवतो. आणि या हाडातून रोज भार जात असल्याने ही रचना आयुष्यभर दुरुस्त होत राहते. साच्याच्या टेकूला ती सोय नाही. त्याला दुसऱ्या कुणीतरी तपासावं लागतं.

टेकू कुठे दगा देतो

मित्राने सांगितलेल्या आणि मी वॉर्डात ऐकलेल्या गोष्टी जुळवल्या, तर चार जागा पुन्हा पुन्हा येतात.

पहिली, बूड. वसई-विरारची बरीच जमीन खाजणाची, मिठागरांची किंवा भराव टाकलेली. उन्हाळ्यात टणक वाटणारी ही माती पहिल्या पावसात लोण्यासारखी होते. टेकूखाली रुंद, जाड फळी नसेल तर तो मातीत रुततो. एक टेकू दोन इंच खचला की त्याचा भार शेजारच्यावर जातो, मग त्याच्या शेजारच्यावर.

दुसरी, उंची. बारीक काठी हातात धरून दाबली तर ती चुरडत नाही, मध्येच वाकते. लांब टेकूचं तेच होतं. लांबी दुप्पट झाली की वाकण्यापूर्वी पेलता येणारा भार चौथाईवर येतो. म्हणून दुप्पट उंचीच्या मजल्यावर नेहमीचेच टेकू एकावर एक जोडून लावणं म्हणजे संकटाला बोलावणं. टेकूंना मध्ये आडवे आणि तिरके बांध घातले, ज्याला साइटवर कैची म्हणतात, की त्याची वाकणारी लांबी निम्मी होते आणि ताकद पुन्हा वाढते. पण घाईत सर्वांत आधी विसरली जाते ती कैचीच.

तिसरी, भरण्याची घाई. सगळं काँक्रीट एका कोपऱ्यात ओतून मग पसरवलं, तर त्या कोपऱ्यातल्या टेकूंवर ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त भार येतो. २९ जुलै २०१६ रोजी पुण्यात बालेवाडीला उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरचा स्लॅब भरताना कोसळला आणि नऊ मजुरांचा मृत्यू झाला. ओलं काँक्रीट, सळ्या, प्लेटा, टेकू आणि माणसं एकत्रच खाली येतात, तेव्हा सावरायला वेळच मिळत नाही.

चौथी, टेकू लवकर काढणं. हा दोष जगभरचा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २ मार्च १९७३ रोजी 'स्कायलाइन प्लाझा' या उंच इमारतीत वरचा मजला भरला जात असताना खालच्या मजल्यांचे टेकू काढले गेले. काँक्रीट पुरतं कणखर झालेलं नव्हतं. कोसळलेला भाग तळापर्यंत गेला, १४ कामगार गेले. पाच वर्षांनी, २७ एप्रिल १९७८ रोजी, वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे वीजकेंद्राचा शीतक मनोरा बांधला जात होता. त्याची भिंत आत कललेली. साचा आणि मचाण जमिनीवर नव्हे, तर आदल्या दिवशी भरलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यालाच टांगलेलं. रात्र थंड होती, आदल्या दिवसाचं काँक्रीट पुरेसं आळलं नव्हतं. सकाळी ते सुटलं, मचाण सोलल्यासारखं उतरत गेलं आणि ५१ जणांचा जीव गेला.

भारतीय मानक आयएस ४५६ या बाबतीत साधे आकडे देतं. नेहमीचं पोर्टलँड सिमेंट असेल आणि पाणी मारणं नीट झालं असेल, तर खांबाच्या उभ्या बाजूंचा साचा १६ ते २४ तासांनी काढता येतो. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवस ठेवायचे. सहा मीटरपर्यंतच्या तुळईला १४ आणि त्यापुढे २१ दिवस. दुसऱ्या प्रकारच्या सिमेंटला हा काळ बदलतो. तिरक्या खांबाची खालची बाजू मात्र 'उभी बाजू' नाही. ती स्लॅबच्या पोटासारखी आहे. तिला २४ तासांचा नियम लावणं म्हणजे तिरका खांब सरळ समजणं.

हसत बोलणारा रुग्ण

आता माझ्या शास्त्राकडे वळतो. कारण टेकू सरकल्यानंतरचे पहिले काही तास तुमच्या-माझ्यासारख्या आजूबाजूच्या माणसांच्या हातात असतात.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. कोसळलेल्या स्लॅबखाली एका मजुराचे दोन्ही पाय चार-पाच तास अडकले होते. लोकांनी मोठ्या कष्टाने त्याला काढलं. तो रुग्णालयात आला तेव्हा शुद्धीवर होता, पाणी मागत होता, भावाशी बोलत होता. हाड मोडलेलं नव्हतं. पाय सुजले होते, बधिर वाटत होते. मी त्याला 'स्थिर' असा शेरा मारला आणि जास्त गंभीर दिसणाऱ्यांकडे वळलो. रात्री त्याला थोडी लघवी झाली, काळ्या चहाच्या रंगाची. पहाटे त्याचं हृदय अचानक थांबलं. तो शेरा माझ्या अक्षरात आहे. आजही आठवतो.

त्याला जे झालं त्याला क्रश सिंड्रोम म्हणतात. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या डॉक्टरांनी ढिगाऱ्यातून काढलेल्या रुग्णांत तो नीट वर्णिला. दाबलेल्या स्नायूंना रक्त मिळत नाही, त्यांच्या पेशी फुटतात. त्यातलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन तिथेच साचून राहतं. वरचा भार उचलला की रक्त पुन्हा वाहू लागतं आणि हे सगळं एकदम शरीरभर पसरतं. पोटॅशियम हृदय थांबवतं. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नळ्या बुजवतं. म्हणजे माणूस दबलेला असताना जिवंत राहतो आणि सोडवल्यावर जातो.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. भार उचलण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करायचं, भरपूर. पोटॅशियम असलेलं सलाइन टाळायचं. लघवीवर लक्ष ठेवायचं, गरज पडली तर डायलिसिस. जगभरच्या भूकंपांत याच मार्गाने माणसं वाचली आहेत. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला, १७ जणांचा मृत्यू झाला. ती राहती इमारत होती, तिथे टेकूचा प्रश्न नव्हता. पण ढिगाऱ्याखाली शरीराचं जे होतं, त्यात राहती इमारत आणि बांधकामाची साइट असा फरक नसतो.

म्हणून काही गोष्टी सगळ्यांनी लक्षात ठेवाव्यात, विशेषतः साइटवर काम करणाऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी.

माणूस नुकताच, काही मिनिटांपूर्वी अडकला असेल आणि भार सुरक्षितपणे उचलता येत असेल, तर लगेच उचला. मोठ्या स्नायूंवर, म्हणजे मांडीवर किंवा पोटरीवर, तासाभराहून जास्त भार असेल तर १०८ ला फोन करताना 'इतका वेळ दबलेला आहे' हे आवर्जून सांगा आणि जिवाला दुसरा धोका नसेल तर सलाइन लागेपर्यंत ओढाओढ करू नका. रुग्णालयातही हीच वेळ सांगा. तो बोलतोय, हसतोय, म्हणून घरी नेऊ नका.

उंचावरून पडलेल्याला हात-पाय धरून झोळीसारखं उचलू नका. पाठ आणि मान सरळ रेषेत ठेवून सपाट फळीवर सरकवा. आमच्या रुग्णाला शटरिंगच्या प्लायवर आणलं होतं. त्याच्या साथीदारांना कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या प्लायने त्याचे पाय वाचवले असण्याची शक्यता मोठी आहे.

ओल्या काँक्रीटमध्ये पडलेल्याचे कपडे लगेच काढा आणि निदान वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. संध्याकाळपर्यंत कातडी खोलवर भाजलेली असते. डोळ्यात गेलं तर चोळू नका, धुवत राहा आणि धुतच रुग्णालय गाठा. छातीपर्यंत काँक्रीटमध्ये रुतलेल्या माणसाला प्रत्येक श्वासाला ते जड ओझं बाहेर ढकलावं लागतं. आधी तोंड, नाक आणि छाती मोकळी करा.

विचारायला लाज कसली?

आपण डॉक्टरला विचारतो, औषध कशाचं आहे, किती दिवस घ्यायचं? मग घर बांधताना, सोसायटीचा जिना किंवा गच्चीचं छप्पर नवं करताना ठेकेदाराला का विचारू नये? टेकूंची आकृती इंजिनीअरने काढून दिली आहे का? तिरक्या भागांचा वेगळा हिशेब आहे का? बुडाशी ठोकळे आहेत का, कैची बांधली आहे का, भरताना साच्याखाली कुणी उभं राहणार नाही ना? टेकू कोणत्या तारखेला काढणार? हे प्रश्न विचारायला इंजिनीअर असावं लागत नाही. ज्या ठेकेदाराकडे उत्तरं असतात तो रागावत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि आणखी एक. तुमच्याकडे काम करणाऱ्या मजुरांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, हेही विचारा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असलं की नोंदणी होऊ शकते. आमच्या रुग्णाची नव्हती. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला द्यायला कुणी तयार झालं नव्हतं. ज्या ठेकेदाराच्या साइटवर तो पडला, त्याचा फोन तिसऱ्या दिवसापासून बंद होता.

खुब्याच्या मानेत मोडलेलं हाड तरुण माणसात घाईने जोडावं लागतं. मोड जितका उभा, तितके त्याचे दोन तुकडे एकमेकांवरून घसरायला बघतात. इथेही पुन्हा तोच कोन आणि तोच रेटा. आमच्या अस्थिरोग विभागाने त्याच रात्री तीन स्क्रू घालून ते जोडलं. टाच प्लास्टरमध्ये गेली. तीन महिन्यांनी तो तपासणीला आला तेव्हा उजव्या पायासाठी उजव्याच हातात काठी धरून, लंगडत.

"काठी डाव्या हातात घे," मी म्हटलं.

"पाय तर उजवा मोडलाय ना डॉक्टर."

"तू खांबाला टेकू त्याच्या बुडाला चिकटवून लावतोस की लांबून?"

तो थोडा थांबला. मग काठी डाव्या हातात घेतली आणि चार पावलं चालून बघितली. "लांबून," तो म्हणाला. "जोर कमी लागतो."

खुब्यापासून लांब असलेल्या हातातली काठी थोड्याशा जोरात खुब्यावरचा बराच भार हलका करते. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं. त्याला ते हाताने ठाऊक होतं. साइटवर त्याला तेवढा वेळ, ठोकळे आणि एक आकृती मिळाली असती, तर त्याने तो टेकू बरोबर लावला असता, याबद्दल मला शंका नाही.

जाताना त्याने विचारलं, "पुन्हा वर चढता येईल का?" खरं उत्तर असं होतं, की या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा मोडताना तुटलेला असू शकतो आणि ते डोकं पुढच्या दोन वर्षांत कधीही खचू शकतं. तोवर दर तीन महिन्यांनी एक्स-रे. मी तसंच सांगितलं. त्याने पुढची तारीख कागदावर लिहून घेतली, काठी डाव्या हातात घेतली आणि दाराबाहेर भावाची वाट बघत उभा राहिला.